हिच्या आवाजातल्या कृती

"काका, ही सिस्टिमची फाइल नाही, व्हायरस आहे. नाव फक्त तसं घेतलंय," कॉम्प्युटर दुरुस्तीवाली मृणाल म्हणाली. "वॉर्निंग आली तेव्हाच पुसली का नाही?"

"आमची ही सांगायची, सिस्टिमच्या फाइलींना हात लावू नका. म्हणून नाही लावला."

व्हायरसने आतलं सगळं कुलूपबंद केलं होतं. जाण्याआधी हिने माझ्यासाठी स्वयंपाकाच्या कृती बोलून रेकॉर्ड केल्या होत्या, त्याही.

"त्या आता उघडणार नाहीत. सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने चालू करून देते. कृती मी आईकडून लिहून आणते."

"कृती केव्हाच पाठ झाल्यात गं."

तिने कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"उघडत नाहीत, पण आत आहेत ना?" मी विचारलं.

"आहेत."

"मग राहू देत."