निळ्या नांग्या

गोड्या पाण्याच्या तळ्यात जाळं ओढलं, तर निम्म्याहून जास्त कोळंबी बोटाएवढीच निघाली. "खाद्य तूच कमी टाकलंस," आबा लेकीवर खेकसले. तळ्यावर शब्द त्यांचाच चालायचा.

वासंती जाळ्यावर वाकली. निळ्या नांग्यांचे थोराड नर वेचून ती टोपलीत टाकू लागली. बारकी कोळंबी तिने परत पाण्यात सोडली.

"एवढे चांगले नर आत्ताच का काढतेस?"

"हे दांडगे तळ्यात असले की बाकीची वाढतच नाही, आबा. हे निघाले की महिन्याभरात अंग धरते."

आबांनी टोपलीतला एक दांडगा नर उचलून पाहिला. मग कमरेची पंपाच्या खोलीची किल्ली सोडून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"उद्यापासून मी येत नाही," ते म्हणाले. "महिन्याने जाळं ओढशील, तेव्हा बोलव."