हात न टेकता

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडच्या मर्ल हॅड्रिकबाई गोठ्यात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. पुढचे तीन आठवडे रुग्णालयात बाई खुर्चीतून उठू लागल्या की खुर्चीखालचा गजर वाजायचा आणि नर्स धावत यायची.

"बस बघू, राणी. पडलीस तर उत्तरं आम्हाला द्यावी लागतात."

शेवटी एका तरुण डॉक्टरने त्यांना हात न टेकता उभं राहायला सांगितलं. जमलं तर घरी, नाही तर वृद्धाश्रमात. बाईंनी तीनदा प्रयत्न केला. मांड्या नुसत्याच थरथरल्या.

"मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर म्हणाला आणि कागदावर त्याने कारण लिहिलं: वयोमानानुसार स्नायूंची झीज.

"गाय पाळलीस का रे कधी?"

"नाही."

"गाईने बसकण मारली तर आम्ही तिला त्याच दिवशी ट्रॅक्टरला टांगून उभी करतो. बसून राहिली की मांड्या मरतात तिच्या. माझ्या हातून एक गेली तशी. जनावरांच्या वहीत तिच्या नावापुढे मी कारण लिहिलंय: मालकिणीचा हलगर्जीपणा."