सर्व्हर सांभाळणारा मुलगा

"चंदू, सर्व्हर गेला रे!" कलावतीबाई ड्रॉइंगच्या टेबलावरून ओरडल्या.

चंदूला आतून उकळ्या फुटल्या. वेळ नामी होती. मुलगा खरंच कॉम्प्युटरमध्ये आहे का, हे बघायला सांगून आलेल्या मालनचे दामाजीमामा कल्याणहून वागळे इस्टेटला आलेले. आधीच्या तीन स्थळांनी 'वायरमन दिसतोय' म्हणून नकार कळवलेला. हेही हुकलं तर लग्न थेट पुढच्या मोसमात, म्हणजे १९९९ उजाडणार.

"कोण गेलं?" मामा दचकले. चंदूने कौतुकाने त्यांना स्वतःच्या मशीनवर बसवलेलं. हातातल्या चिठ्ठीत बघत ते एका बोटाने टाइप करत होते.

"सर्व्हर, मामा. सगळ्यांच्या फाइली त्याच्यात. तो बसला की कंपनी बसते. मग मी जाऊन उठवतो."

चंदू आत गेला. बटण बंद केलं, चालू केलं. सात मिनिटांनी सगळे पुन्हा कामाला लागले.

"मालनने प्रश्न लिहून दिलेत," मामा चिठ्ठी सरळ करत म्हणाले. "व्यसन?"

"चहा."

"हा सर्व्हर कशाने पडला?"

"लोड, मामा. टेक्निकल असतं ते."

"असेल, असेल. आम्हाला काय कळतंय! अजून थोडं टाइप करू ना?"

"करा हो. तुमच्या हाताने काय बिघडतंय!"

दहा मिनिटांत पुन्हा "चंदू!" झालं. तिसऱ्या वेळी तर गुणाजीशेठ स्वतः केबिनमधून धावत आले. "अरे चंदू, तू नसतास तर कंपनीला कुलूप लागलं असतं रे!"

हे मामांच्या देखत. चंदूला सर्व्हरचा मुका घ्यावासा वाटला.

"संध्याकाळपर्यंत कळवतो," म्हणत मामा उठले. त्यांची पाठ वळताच चंदूने शेठकडे लग्नासाठी आठवड्याची सुट्टी मागितली.

मामांनी नाक्यावरच्या पीसीओतून मालनच्या ऑफिसात फोन लावला.

"तू लिहून दिलेलं ते फोल्डरचं हातभर लांब नाव तीनदा टाकलं, पोरी. तिन्ही वेळा सर्व्हर आडवा. लांब नावाने सर्व्हर पडू नये म्हणून घालायची, तू म्हणालीस ती दुरुस्तीची फ्लॉपी ह्याने घातलेलीच नाही, नुसतं बंद-चालू करतो. डोंबिवलीच्या मुलाचा पत्ता सांग."