एक लिहा आणि थांबा

"ओनुफ्री स्क्वार्को बाद," मोजणी अधिकाऱ्यानं पुकारलं. दोन कारकुनांनी त्याच्या मतपत्रिकांचा गठ्ठा उचलून टेबलाच्या मधोमध आणून ठेवला.

ओनुफ्रीला वाईट वाटलं नाही. निवडून यायला तो उभाच नव्हता. उलट कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला शांत वाटत होतं. कॅनडातल्या विनिपेगवर पहाटे बर्फ पडून गेला होता, आणि त्यावर आपटून उजेड सभागृहात खालून वर येत होता. छत उजळलेलं, आणि माणसांना सावल्याच नाहीत. कागद एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर जात होते, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसे.

या शहराची रीत अशी की मतदारानं नावांपुढे आकडे घालायचे. एक, दोन, तीन. जो सगळ्यांत मागे राहील तो बाद. पण त्याची मतं मरत नाहीत. ज्याच्या नावापुढे 'दोन' असेल, त्याच्या गठ्ठ्यावर तो कागद जातो. 'दोन' लिहिलेलाच नसेल, तर टेबलाच्या कडेला एक लाकडी खोका होता, त्यात. त्याला 'संपलेली मतं' म्हणत.

वॉर्डातली एकच जागा उरली होती. जमिनीचा दलाल पेन्ड्रिथ थोडा पुढे होता. त्याच्या मागे युलियान, ओनुफ्रीचा धाकटा भाऊ. तो आता खिडकीशी पाठमोरा उभा होता.

आठ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा युलियान चर्चमध्ये आला नाही. पाद्र्याची प्रार्थना संपेपर्यंत बाहेर बर्फात उभा राहिला, डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता. ओनुफ्रीच्या मनात ती टोपी रुतून बसली होती.

म्हणून यंदा युलियान उभा राहिल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यानंही अर्ज भरला. गल्लीतली मतं युलियानकडे जाणार, हे त्याला ठाऊक होतं. त्यांतली जमतील तेवढी आपल्याकडे गोळा करायची आणि त्या खोक्यात पुरायची, एवढाच त्याचा बेत. दारोदार जाऊन तो एकच वाक्य सांगत फिरला, "मला एक लिहा आणि थांबा. खाली काही नको."

एकदा गल्लीतल्या टेक्ला मावशीच्या दारात त्यानं ते मुद्दाम ओरडून सांगितलं. समोर युलियान फावड्यानं बर्फ ओढत होता. त्यानं फावडं थांबवलं, नीट ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढली. हा आपल्याला वेडावतोय, असं ओनुफ्रीला वाटलं होतं.

कारकुनानं पहिला कागद उचलला. "दोन, युलियान स्क्वार्को."

दुसरा. "दोन, युलियान स्क्वार्को."

मग तेच नाव पुन्हा, आणि पुन्हा. ओनुफ्रीला आधी वाटलं की तो माणूस एकच कागद परत परत वाचतोय. मग त्यानं मागे वळून पाहिलं. बाकावर टेक्ला मावशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

"मावशी, तुम्ही मान डोलावली होती!"

"डोलावली की. मान माझी, पेन्सिलपण माझीच."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुझं सांगणं राहू दे बाबा. एक तुला, दोन त्याला. एकाच आईचे तुम्ही. आमच्या गल्लीतला चिखल कोण काढणार, तो पेन्ड्रिथ?" तिनं साल रुमालात टाकलं. "आणि मी एकटी नाही हं. सगळ्यांनी तेच केलंय."

युलियानचा गठ्ठा पेन्ड्रिथच्या पुढे गेला. पेन्ड्रिथनं हातमोजे उचलले आणि तो निघून गेला. खोका अजून रिकामाच होता.

मग एक कागद कारकुनानं उलटून पाहिला. "दोन नाही. संपलं."

तो ओनुफ्रीचा स्वतःचा कागद होता. त्यानं लांबूनच ओळखला. त्यावरच्या 'एक' या आकड्याच्या पायाला डावीकडे छोटा बाक होता, माशाच्या गळासारखा. जुन्या देशात, गॅलिशियातल्या गावी, दोघा भावांचे वडील लाकडी पिंपं बनवत. पिंप उलटं पडलं तरी एकाचा पाय कुठला ते कळावं, म्हणून ते खडूनं असा एक काढत. दोन्ही मुलांना अक्षरांच्याही आधी त्यांनी तो गिरवायला लावला होता. तसा एक ओनुफ्रीनं घराबाहेरच्या कुणाच्या हातचा कधी पाहिला नव्हता.

तो कागद खोक्याच्या तळाशी एकटाच पडला. एवढ्या मोठ्या वॉर्डात आपलं ऐकणारे आपणच, ओनुफ्रीच्या मनात आलं. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

गठ्ठ्यात चारदोन कागद उरले असताना कारकून अडखळला. "अहो, हा आत्ताच झाला ना?"

"तो खोक्यात टाकला मी," दुसरा म्हणाला. त्यानं तो बाहेर काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी धरले.

ओनुफ्रीच्याच नावापुढे एक, पायाला डावीकडे तोच गळ, आणि खाली सगळं कोरं. दोन्हींवर. त्या सावली नसलेल्या उजेडात क्षणभर वाटलं, एक कागद आहे आणि दुसरं त्याचं पाण्यातलं रूप.

"वेगळे आहेत," कारकून म्हणाला. "यावरही दोन नाही. संपलं."

कागद खोक्यात एकावर एक पडले. ओनुफ्रीनं खिडकीकडे पाहिलं. लोक युलियानच्या पाठीवर थापा मारत होते, आणि तो टोपी हातात घेऊन बाहेरच्या बर्फाकडे बघत होता.

ओनुफ्रीनं दारोदार जाऊन जे सांगितलं होतं, ते साऱ्या वॉर्डात एकट्या युलियाननं ऐकलं होतं.