निम्म्या दरात

थीम पार्कची तिकिटं निम्म्या दरात मिळाली, तेव्हापासून बाबांची कॉलर ताठ होती. तिथे पोचले तर रांगसुद्धा नव्हती. आकाशपाळण्याचे पैसे मात्र वेगळे होते. "तुम्ही दोघी बसा, मी पिशव्या सांभाळतो," म्हणत त्यांनी तेवढेही वाचवले.

आई कुरकुरत लेकीचा हात धरून पाळण्यात बसली. पाळणेवाल्याने कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि बटण दाबलं. पाळणा वर वर जाऊ लागला. लेक वरून हात हलवायला लागली, तसे बाबाही हातातल्या पिशव्या उंचावून हलवू लागले.

"एवढं स्वस्त, तरी गर्दी कशी नाही हो?" त्यांनी विचारलं.

"दुरुस्तीसाठी बंद होतं ना सगळं. आजच उघडलंय," पाळणेवाला म्हणाला. त्याची नजर वरच लागलेली होती.

"मग पहिला मान आमचाच," बाबा हसले. "दुरुस्ती नीट झालीय ना पण?"

"हो, झालीय की. आठवडाभर वाळूची पोती बसवून फिरवतोय."

&nbsp;

"काल पहिल्यांदाच एकही पोतं खाली पडलं नाही."