पितळी स्टो

"पानी नको टाकू, माय! आगोदर चिच मुरू दे!" कमल ओरडली.

धनुबाईने तांब्या मागे घेतला. धानोऱ्यातल्या त्या घराच्या ओसरीत दोघी मायलेकी बसल्या होत्या आणि मध्ये होता पितळी स्टो. कमलचे वडील गेल्यापासून सहा वर्षं तो कुणी पेटवलाच नव्हता. वर उतू गेलेल्या दुधाचे जळके डाग, बर्नरला काजळी, टाकी हिरवी पडलेली.

पितांबरमामा चार वाजता तळोद्याच्या पाहुण्यांना घेऊन येणार होता. पाहुण्यांना चुलीच्या धुरात बसवायचं नाही, हे कमलने चार दिवसांपूर्वी सुट्टीत घरी आल्या आल्याच ठरवलं होतं. हिरवं लुगडंही सकाळीच पेटीतून काढून ठेवलं होतं.

चिंचेच्या कोळात मूठभर मीठ घालून ती चिंधीने घासू लागली. वरून चुलीतली चाळलेली राख. हिरवट थर सुटला आणि खालून पिवळंधमक पितळ दिसायला लागलं.

"तुन्हा हात काळा पडतीन व," धनुबाई म्हणाली.

"पडू दे. मन्हा हात कोन देखस?"

धनुबाईला हसू आलं नाही. "त्या पाहुना नही म्हनतीन. गावमां हसू व्हई."

"चुडामण भला मानूस शे, मामानी सांगं ना? मंग? मी चालनी गऊ म्हंजे तुन्हाकडे कोन देखी?"

धनुबाईने लिंबाची फोड तिच्यापुढे सरकवली.

कमलने ती बर्नरवर चोळली. भोकात पिन घातली, रॉकेल ओतलं, पंप मारला. स्टो भडकला, पिवळा, धुरकट. तिने पुन्हा पिन फिरवली, पुन्हा पंप मारला. सूंऽऽ! निळी ज्योत गोल उभी राहिली.

"पेटना! माय, पेटना!" कमल टाळ्या पिटत नाचली.

तेवढ्यात दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मामा आला, मागोमाग चुडामण आणि त्याची थोरली बहीण कौसाबाई. धनुबाई झटकन आत पळाली.

कमलने स्टो आत नेऊन चहा केला आणि ती तो घेऊन बाहेर आली. कपबशा किणकिणत होत्या. चुडामण खाली बघत बसला होता. कौसाबाईने घोट घेतला, कमलला नीट न्याहाळलं आणि प्रसन्न हसली.

"चहा झकास शे, पोरी. आते तुन्हा मायले बाहेर बलाव. आम्ही तिलेच देखाले उनूत."