दोन भोकं

ट्रकच्या ब्रेकच्या डिस्क बदलायच्या होत्या, पण चाकाचा हब गंजून असा धरून बसला होता की सकाळपासून घण हाणून हाणून मिस्त्रींचे खांदे भरून आले. हाताखाली काम करणाऱ्या सुनेने हळूच सुचवलं, “बाबा, हबला ही दोन आट्यांची भोकं आहेत ना, त्यांत बोल्ट आवळत गेलो तर हब आपोआप बाहेर ढकलला जाईल.”

“गंजाने बुजलेली भोकं ती, काय कामाची?” मिस्त्रींनी ड्रायव्हरकडे बघून डोळे मिचकावले. “तुझं वर्गातलं शिक्षण फळ्यावर ठेव, सूनबाई. इथे मनगट लागतं!” ड्रायव्हर खो खो हसला.

दोघं जेवायला गेले. सून मागेच थांबली.

परतल्यावर मिस्त्रींनी बाह्या सरसावून घण घातला, आणि पहिल्याच घावात हब सुटला.

“बघितलंस? तीस वर्षं उगाच नाही घासली!”

“खरंच बाबा, तुमच्या हाताला तोड नाही,” सून म्हणाली.

“मानलं मिस्त्री!” ड्रायव्हर म्हणाला. “आता दुसऱ्या चाकाचाही असाच एका घावात काढा.”

मिस्त्रींनी ऐटीत हब पुसायला घेतला आणि त्यांचा हात थबकला. दोन्ही भोकांतला गंज गेला होता, आतले आटे ताज्या तेलाने चकाकत होते.



मान वर न करताच ते पुटपुटले, “सूनबाई, ते दोन बोल्ट दे.”